वजन, नाणं आणि वाट : आदिवासी स्त्रियांच्या दागिन्यांच्या फिरत्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रदर्शन एका जीपमध्ये मावलं पाहिजे, ही पहिली अट. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यातल्या आश्रमशाळा, काही महाविद्यालयं, जमल्यास आठवडी बाजार. म्हणजे काचेची कपाटं बाद. कापडावर छापलेली चोवीस फलकं, दोन पेट्या, एक काटा. खरी चांदी बरोबर न्यायची नाही, हेही आजच ठरलं. जिचा दागिना, ती तो घेऊन आली तर त्या दिवसापुरता टेबलावर, संध्याकाळी तिच्या गळ्यात.

व्याप्तीवर मात्र बराच वेळ गेला. गाभा सातपुड्याचा, पावरा आणि भिल्ल स्त्रियांचा. पण नुसतं आपल्या डोंगराचं दाखवलं तर मुलींना वाटतं की असलं फक्त आपल्याकडेच आहे, आणि त्या वाटण्यात थोडी लाजही असते. म्हणून छत्तीसगडचं बस्तर, ओडिशातलं मलकानगिरी आणि नियमगिरी, नागालँड, मेघालय इथली निवडक फलकं हवीत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती ८.६ टक्के, सगळ्यांना एकेक फलक द्यायला गेलो तर जीप नाही, मालगाडी लागेल.

बंजारा स्त्रियांचं काय, हा प्रश्न निघालाच. महाराष्ट्रात त्या विमुक्त जातींच्या यादीत, तेलंगणात अनुसूचित जमातींच्या. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमाखाली यादी राज्यवार निघते, त्यामुळे सीमा ओलांडली की केसांना अडकवायची तीच घुगरी, तीच टोपली, त्याच दंडापर्यंतच्या बांगड्या दुसऱ्या खान्यात जातात. आम्ही एक फलक ठेवतोय. त्यावर हस्तिदंताचा उल्लेख येईल, वस्तू येणार नाही: जुन्या बांगड्या हस्तिदंती असत, १९९१ नंतर देशांतर्गत व्यापारही पूर्ण बंद झाला, आता हाड किंवा प्लास्टिक. कुणी जुनी खरी आणून दिली तरी घ्यायची नाही.

१६ जानेवारी

लेबलांचा पहिला मसुदा वाचला. सगळीकडे एकच साचा: दागिन्याचं नाव, जमात, धातू, शतक. ‘हासळी. भिल्ल. चांदी. विसावे शतक.’ (हासळी म्हणजे गळ्यातलं कडं.) अशी लेबलं मी संग्रहालयांतून वर्षानुवर्षं वाचत आले आहे आणि त्यातून कधी काही कळलं नाही. कोणी घडवली? कोणी दिली? किती वजनाची? अजून वापरात आहे की विकली? ‘भिल्ल’ या एका शब्दावर सगळा भार टाकून आपण मोकळे होतो. जणू हासळी महूच्या झाडाला लागते.

नवा साचा: वजन, कशातून घडली, घडवणारा कोण, कोणाकडून आली, सध्या कुठे आहे. नाव सगळ्यात शेवटी. नावं तशीही दर दहा कोसांवर बदलतात.

गटातल्या दोघांना हे रूक्ष वाटतंय. बघू.

२३ जानेवारी

वजनं. आजचा दिवस फार चांगला गेला.

एका पाड्यावर एका पावरा आजींच्या घरी गेलो. त्या पावरीत बोलत होत्या, नात मराठीत सांगत होती. गळ्यात भरीव हासळी: पुढे अंगठ्याएवढी जाड, टोकांकडे निमुळती, टोकांवर चौकोनी गाठी. त्यांनी ती काढायला होकार दिला, पण ‘माझ्या डोळ्यांसमोरून हलवायची नाही’ या अटीवर. अट योग्यच आहे. मानेला गोडेतेल लावून, टोकं वेगवेगळ्या दिशांना जराशी पिळून नातीने ती काढली. हे काम सरळ ओढून होत नाही, धातू तिथेच तुटतो.

किती जुनी, असं विचारलं तर सासूच्या लग्नातली म्हणाल्या. किती वजनाची, असं विचारलं तर उत्तर आलं: ‘हिच्यात पस्तीस रुपये आहेत.’ गटातल्या मुलाने वहीत किंमत म्हणून लिहायला घेतलं. मी थांबवलं आणि हासळी काट्यावर ठेवली. ४०८.२ ग्रॅम.

ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा. १८३५ पासून १९३९ पर्यंत वजन तेच आणि कसही तोच, बारा भागांत अकरा भाग चांदी. पस्तीस रुपये वितळवले तर ४०८ ग्रॅम भरतात. सासऱ्याने पस्तीस नाणी सोनारासमोर मोजली, सोनाराने ती मुशीत टाकली, आणि तो आकडा घरात तोंडी टिकून राहिला. पावती हरवते, आकडा हरवला नाही.

मग कस. कसोटीच्या दगडावर घासायला आजी तयार नव्हत्या आणि आम्हालाही घासायची नव्हती. म्हणून पाण्याची पद्धत. ही मुलांसमोर करता येते, म्हणून तपशील लिहून ठेवते. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा. दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरायचा. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. काटा जे दाखवतो ते दागिन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. अंगाला चिकटलेले बुडबुडे बोटाने घालवायचे, नाहीतर आकडा फसवतो.

आज काट्याने ३९.६ दाखवले. ४०८.२ ला ३९.६ ने भागलं तर १०.३ येतात. शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६. उलटा हिशेब केला की चांदी ८९ टक्क्यांच्या आसपास निघते. रुपयात ती ९१.७ टक्के. मधला फरक डाख (सांधा जोडायचा मिश्र धातू) लावण्यात आणि गाठींच्या जोडात गेला असणार, त्यात नवल नाही. सोनाराने आजींच्या सासऱ्याला फसवलं नव्हतं.

नातीने हे आजींना सांगितलं. ‘ते मला माहीत होतं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

२४ जानेवारी

त्याच पाड्यावर दुसऱ्या घरी पायातली कडी. दिसायला चांदी, चमक जरा जास्तच पांढरी. दोन्ही मिळून ६२० ग्रॅम, पाणी ७२ ग्रॅम. भागाकार ८.६. जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल, जस्त; नावात चांदी, आत शून्य. बाईंना विचारायला कसंतरीच वाटत होतं, पण त्यांनीच हसून सांगितलं, ‘ही ऊसतोडीची. खरी घरी ठेवते.’ फडात रात्री कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत झोपायचं, अनोळखी मुलूख, पाय चिखलात. तिथे खरी चांदी कशाला? पण मोकळ्या पायाने जायचं नाही, म्हणून गिलटाचा जोड.

याला ‘नकली’ म्हणायचं नाही. लेबलावर ‘कामाचा जोड’ असं जाईल.

पद्धतीच्या मर्यादा फलकावर स्पष्ट हव्यात. पोकळ दागिना, आत लाख भरलेला दागिना, दोऱ्यात ओवलेले मणी यांना ही पद्धत चालत नाही. आणि सुती दोरा पाण्यात घालायचाच नाही. आतून कुजतो आणि सहा महिन्यांनी माळ सुटते.

३० जानेवारी

शहाद्याचा सराफ बाजार. तिथल्या एका जुन्या पेढीवर दुपारभर बसलो. तिथल्या सोनारकाकांनी जंत्रीतून (भोकं असलेल्या पोलादी पट्टीतून) तार ओढून दाखवली, मूस दाखवली, टाकणखार टाकल्यावर चांदीवरचा मळ कसा बाजूला सरतो ते दाखवलं. पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक पाड्यांवरचं. त्यांच्याकडे ठशांची एक पेटी आहे, बोटभर लांबीचे पोलादी ठसे: ठिपके, मासा, पान, नागमोडी रेघ.

मी विचारलं, नक्षी कोण ठरवतं? काका म्हणाले, ‘ताई, आम्ही नाही ठरवत. मी एकदा पैंजणाला बारीक घुंगरू लावले, शहरातल्यासारखे. बाईने पायात घातले, दोन पावलं चालली आणि परत दिले. म्हणाली, हे वाजतच नाही.’

पण खरी गोष्ट पुढे निघाली. दागिना मोडीत घालताना चांदीचे पैसे परत मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत. बारीक जाळीकाम, तारकाम, खडे यांची मजुरी सगळी बुडते. आत लाख भरली असेल तर ती वजनातून वजा होते, डाख जास्त असेल तर घट धरली जाते. म्हणून पाड्यावरची बाई काय मागते? भरीव, जाड, कमी जोडाचं, वरून दोन-चार ठसे. नक्षी दिसेल एवढी, पण पैसे अडकणार नाहीत एवढीच.

हे ऐकल्यावर आमचा तिसरा फलक मी फाडून टाकायला सांगितला. त्यावर ‘आदिम, रांगडं, निसर्गाशी नातं सांगणारं सौंदर्य’ असं काहीतरी होतं. हासळीचा जाडेपणा रांगडेपणातून आलेला नाही, तो मोडीच्या भावातून आलेला आहे. जिला बँक नव्हती तिने चांदीचा असा आकार पसंत केला की तो कधीही, कुठल्याही सोनाराकडे, कमीत कमी तोट्यात पुन्हा चांदी होऊ शकेल. आणि तो दिसायलाही देखणा आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

घडवणारा आदिवासी नाही, मागणारी आदिवासी आहे. ‘आदिवासी दागिना’ म्हणताना हे दोन्ही धरून बोलायला हवं. अपवाद आहेत: बस्तरमध्ये कोंडागावकडचे घडवा कारागीर मेणाच्या साच्यातून पितळ ओततात. मेणाची तार काढून आकार करायचा, वर मातीचे थर द्यायचे, मेण वितळवून काढायचं, त्या पोकळीत धातू. प्रत्येक साचा फोडावा लागतो, म्हणून दुसरा अगदी तसाच निघत नाही.

८ फेब्रुवारी

नाण्यांच्या माळा. यांवर तारीखच छापलेली असते, त्यामुळे काम सोपं होतं आणि मजेचंही.

आज बघितलेल्या माळेत राणीछाप रुपये होते, काहींवर ‘क्वीन’, काहींवर ‘एम्प्रेस’. १८७७ पासून नाण्यावर व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाली. मग उघड्या डोक्याचा सातवा एडवर्ड. मग मुकुटवाला पाचवा जॉर्ज, आणि त्यातला एक १९११ चा! त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि १९१२ मध्ये ठसा बदलावा लागला. भिंगातून मुलांना दाखवायला याहून चांगलं काही नाही. माळेच्या मालकीणबाईंनी भिंग घेऊन बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला: डुक्करच.

१९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, आणि कडेवर मधोमध एक खाच. बाजारातले जुने लोक नख फिरवून ओळखायचे. १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला आणि माळेत जाण्याजोगा उरला नाही. म्हणून बहुतेक माळा तिथेच थांबतात. पुढे एकदम पिवळी नाणी दिसतात: १९६८ ते १९७१ मधले कमळाचे पितळी वीस पैसे आणि गांधीजींचे वीस पैसे. सोन्यासारखी चमक, खर्च वीस पैसे.

फलकासाठी एक तपशील: पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी चणचण झाली की सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली. कागद गळ्यात घालता येत नाही. डोंगरातल्या घरांना चांदीचाच रुपया का हवा होता, ते यातून मुलांना पटकन कळेल.

माळेतल्या शेवटच्या नाण्यावरून एवढंच ठरतं की माळ त्याच्या आधी पूर्ण झालेली नाही. नाणी एकेक करून, पिकाच्या वर्षाला एक, अशी चढत गेली असतील. लेबलावर ‘माळ १९४३ ची’ असं न लिहिता ‘१८६२ ते १९४३ ची नाणी’ असं लिहायचं. आणि रुपयांना टाके घालून कडी जोडलेली आहे की भोक पाडलंय, तेही. भोक पाडलं की चांदी कमी होते. या माळेत एकही भोक नाही.

१० फेब्रुवारी

तोळ्याच्या फलकावर कोष्टक जातंय: आठ गुंजा एक मासा, बारा मासे एक तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. पेटीत खऱ्या गुंजा ठेवायची कल्पना छान होती, पण गुंज विषारी आहे. चावून गिळली तर जिवावर बेततं. लहान मुलांच्या हातात जाणारी पेटी. बंद काचनळीत लाखेने सील करून, नाहीतर फक्त चित्र. चित्रच.

१५ फेब्रुवारी

वाटांचा नकाशा. प्रदर्शनाचा सगळ्यात मोठा फलक हाच व्हावा, असं आता मला वाटू लागलंय.

अंगामी नागा स्त्रीच्या गळ्यातले लांबट लाल मणी अकीकाचे. अकीक निघतो भरूच जिल्ह्यात, रतनपोरच्या आसपास, राजपिपळ्याच्या डोंगरात. म्हणजे आपल्याच सातपुड्याच्या पश्चिम टोकाला, आणि खणणाऱ्या हातांत भिल्लांचे हात. कच्चा दगड मळकट तपकिरी असतो. मातीच्या मडक्यात घालून शेणीच्या मंद आचेवर भाजला की आतलं लोह लाल रंग देतं. तो खंभातला जातो, तिथे पैलू पडतात, भोकं पडतात. ही धूळ फुप्फुसात जाऊन खंभातच्या कितीतरी कारागिरांना सिलिकोसिस झालाय. फलकावर त्याची एक ओळ असेल, वगळायची नाही. तिथून तो मणी देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्याच माळेत मानेमागे शंखाचा तुकडा असतो, आणि नागालँडला समुद्र नाही.

खासी स्त्रियांची पैला माळ: सोन्याचे पोकळ गोल मणी, आत लाख, मधे मधे पोवळी. लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. वसंतातल्या शाद सुक म्यन्सिएमच्या नाचात मुली डोक्यावर मुकुट आणि गळ्यात हीच माळ घालतात. इथे लाख चालते, कारण तिथे सोन्याचा गोल मोठा दिसणं महत्त्वाचं. आमच्या सोनारकाकांचा नियम सगळीकडे लागू होत नाही. हे मुद्दाम लिहायचं, नाहीतर आम्हीच आमच्या सिद्धान्ताच्या प्रेमात पडू.

कवड्या मालदीवच्या. काचमणी कितीतरी ठिकाणचे. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला घराघरात भट्टीवर काचेच्या सळया वितळवून मणी करतात.

आणि ॲल्युमिनियम. मलकानगिरीच्या बोंडा स्त्रिया गळ्यात एकावर एक कडी घालतात, हनुवटीपर्यंत. खाली मण्यांचे इतके सर की छाती झाकली जाते. डोकं मुंडलेलं, त्यावर मण्यांच्या पट्ट्या. ही कडी आता मुख्यतः ॲल्युमिनियमची, आपण ज्याला जर्मल म्हणतो त्याची. ॲल्युमिनियमचं खनिज बॉक्साइट. ओडिशातल्याच नियमगिरीच्या माथ्यावर तेच आहे. त्याची खाण करायची का, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांवर सोपवलं आणि बारा ग्रामसभांनी एकापाठोपाठ एक नकार दिला. डोंगरिया कोंध स्त्रिया तिथल्याच: नाकात तीन नथण्या, केसांत पिनांच्या रांगा आणि अंबाड्यात खोचलेला छोटा सुरा. धातू हवा, पण डोंगर देऊन नको, यात मला काही विसंगती दिसत नाही. गटातल्या एकाला दिसते. वाद अपुरा राहिला.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. देवमोगऱ्याला याहामोगी देवीची यात्रा. कामासाठी गेले नव्हते, तरी डोळे तिकडेच जाणार. गर्दीत फोन वर करून बायकांच्या गळ्याचे फोटो काढणारे खूप होते. कुणी विचारत नव्हतं.

आमच्यापुरता नियम: चेहऱ्यासह फोटो फक्त तिच्या होकाराने, आणि छापलेला फोटो तिला नेऊन द्यायचा. बोंडा, डोंगरिया हे विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत येतात. त्यांच्या फलकांवर फोटो नकोच, रेखाचित्रं. चित्रकाराला कड्यांची संख्या अंदाजे काढू नकोस, असं सांगितलंय.

५ मार्च

गहाणाचा फलक. लिहायला अवघड, पण याच्याशिवाय बाकी सगळं गुळमुळीत होईल.

बायकांनी सांगितलेलं चक्र साधारण असं: पेरणीला बियाणं-खतासाठी कडी सावकाराकडे जातात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची उचल मिळते, त्यातून कधी सुटतात, कधी नाही. होळीला मात्र सोडवायच्याच. होळीला मोकळ्या गळ्याने उभं राहायचं नाही. मग लग्नसराई, आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा तीच वाट. एक बाई म्हणाली, ‘माझी हासळी माझ्यापेक्षा जास्त दिवस तालुक्याला असते.’ हे वाक्य फलकावर जाणार, तिची परवानगी घेतली आहे, नाव जाणार नाही.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे सावकाराला परवाना लागतो आणि गहाण वस्तूची पावती द्यावी लागते. पावतीवर वजन लिहून घ्या, एवढी एकच सूचना प्रदर्शनात असेल. आमचा काटा त्यासाठी उपयोगी पडला तरी पुष्कळ.

आजींच्या हासळीतली चांदी मार्च २०२५ च्या भावाने (किलोला लाखाच्या घरात) छत्तीस हजारांच्या आसपास जात होती. पावरांमध्ये लग्नात वरपक्षाकडून देज (वधूमूल्य) दिलं जातं, चांदी चढवली जाते. ती कोणाची, हा प्रश्न मी घरोघरी विचारला. बायका म्हणतात, आमची. पुरुषही म्हणतात, तिची. पण गहाण ठेवायला कोण जातं, असं विचारलं की उत्तर जरा उशिरा येतं.

१० मार्च

भोंगऱ्या बाजार. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात ठिकठिकाणी भरतो. ढोल, फुंकून वाजवायच्या पावऱ्या, डाळ्या-फुटाण्यांचे ढीग, साखरेचे हार-कंगन. एकाच रंगाच्या साड्या नेसलेल्या मुलींचे घोळके, आणि सुटलेली चांदी सगळी बाहेर. दंडात वाक्या, कमरेला रुंद पट्टे, पायात कडी.

सराफांच्या तात्पुरत्या पालांवर बसून पाहिलं. मुली हलक्या, यंत्रावर कापलेल्या साखळ्या बघत होत्या. आया त्यांच्या हातातून घेऊन तळहातावर तोलत होत्या आणि परत ठेवत होत्या. एका मुलीने शेवटी हलकीच घेतली, स्वतःच्या पैशाने. आईने तोंड वाकडं केलं. मुलीचं बँकेत खातं आहे, तिला गळ्यात बँक कशाला?

रात्री हे गटात सांगितलं तर ‘परंपरा तुटतेय’ अशी हळहळ सुरू झाली. मला तसं वाटत नाही.

१८ मार्च

जे गहाण पडू शकत नाही, त्याचा फलक.

बस्तरमधला मुरिया तरुण घोटुलमधल्या (गावातल्या तरुण-तरुणींच्या सामायिक घरातल्या) मैत्रिणीसाठी लाकडी फणी कोरतो. ती केसांत खोचायची. जास्त फण्या म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी १९४० च्या दशकात बस्तरमध्ये अशा फण्यांची बारकाईने नोंद केली होती. मध्य भारतातल्या बैगा स्त्रियांची गवत विणून केलेली बीरन, नाचाच्या वेळी केसांतून पाठीवर सोडलेली. कसईच्या राखाडी चकचकीत बियांच्या माळा. या बीला निसर्गतःच आरपार भोक असतं, सुई नुसती वाट दाखवते. आणि गोंदण. गोंड, बैगा बायका म्हणतात, बाकी सगळं उतरवून घेतात, हे बरोबर येतं.

या फलकावर वजनाचा रकाना रिकामा ठेवायचा. ‘लागू नाही’ असंही नको. रिकामा.

२७ मार्च

मजकुरावरून भांडण, अपेक्षेप्रमाणे. ‘लुप्त होत चाललेला वारसा’ हे शब्द तीन फलकांवरून काढले, चौथ्यावर कुणीतरी परत घातले, पुन्हा काढले. माझं म्हणणं: अरुणाचल प्रदेशातल्या अपातानी स्त्रियांनी १९७० च्या दशकात नाकातल्या मोठ्या चकत्या आणि चेहऱ्यावरचं गोंदण नव्या पिढीपुरतं बंद केलं. तो त्यांच्या समाजाचा निर्णय. ज्यांच्या नाकाला भोक पडलं नाही त्या मुलींबद्दल आपण दुखवटा पाळणारे कोण?

दुसरं: ‘अलंकार’ हा शब्द बहुमताने गेला. ‘दागिना’ राहिला.

२ एप्रिल

किरकोळ. सूचनापत्रक तयार: चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, रिठ्याच्या पाण्याने धुवा, नक्षीतला काळेपणा घासून काढू नका, ठसे त्याच्यामुळेच उठून दिसतात. लोकरीत किंवा रबरात गुंडाळू नका. टूथपेस्ट नको. गिलटाच्या प्रतिकृती धुळ्याहून आल्या, हासळीची प्रत ४०० ग्रॅमची हवी होती, १८० ची आली. परत पाठवली. गळ्यात घातल्यावर खांद्याला वजन जाणवलं नाही तर प्रतीचा उपयोग काय?

९ एप्रिल

पहिली चाचणी, एका आश्रमशाळेत, परीक्षा संपल्यावर. फलक वाचणारे कमी, काट्याभोवती गर्दी. आधी दगड, मग कुलूप, मग सरांची किल्ली. मग मुलींनी कानातली काढली. एवढ्या लहान वस्तूंना ०.१ ग्रॅमचा काटा पुरत नाही. पाण्याचा आकडा येतच नाही. ०.०१ चा लागेल.

नकाशाजवळ मात्र नुसती ये-जा. वाटा वस्तूकडून सुरू व्हायला हव्यात, गावाकडून नाही. मुलगी आधी मणी ओळखेल, मग बोटाने मागे मागे जाईल. रेषा उलट्या काढायच्या.

सातवीतल्या एकीने विचारलं, ‘बाई, यात आमच्या कोकण्यांचं काय आहे?’ कोकणा जमातीचं काही नाहीच आहे. दोन फलकांची जागा काढावी लागेल. बंजारा आणि खासी फलक लहान होऊ शकतात. तिच्या आजीकडे पवल्यांची माळ आहे म्हणे. चार आण्याची पवली २.९२ ग्रॅम, तोळ्याचा पाव. शनिवारी जायचं ठरलं आहे, मोठा काटा नको, भिंग न्यायचं.

१४ एप्रिल

पवल्यांची माळ पाहिली. सगळ्या चांदीच्या, भोकं पाडलेल्या, पण प्रत्येक भोक राजाच्या डोक्यावर, तारखेच्या वाटेला न जाता. आजींनी पटवेकऱ्याकडून गोंडा नवीन करून घेतलाय. लेबल लिहिलं:

‘वजन ७६ ग्रॅम, गोंड्यासकट. चांदीच्या पवल्या, १९०५ ते १९३६. ओवणारा: पटवेकरी. आईकडून लेकीला. सध्या: गळ्यात.’

छपाईला फलक १८ तारखेला जातात. नकाशा आणखी चार दिवसांनी.